बाटलीवरचे इंग्रजी आधी शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या सांगली पुरवणीत परवा एका खासगी क्लासची जाहिरात आली होती. 'महिलांसाठी बेबी केअर कोर्स, फाडफाड इंग्रजीसह. पुण्या-मुंबईत नोकरीची संधी.' क्लासचे नाव लिहीत नाही, त्यांच्याशी माझे भांडण नाही. पण आमच्या विश्रामबागेत मुले सांभाळायला येणाऱ्या बायकांपैकी एक जण ती जाहिरात कात्रून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सिस्टर, कानातलं गहाण ठेवून फी भरू का?" क्लासवाल्यांनी वाटलेला शब्दांचा दोन पानी कागदही तिने आणला होता. तो वाचला आणि हे पत्र लिहायला बसले.

कागदावर नॅनी, बेबीसिटर, केअरगिव्हर, टॉडलर, नॅप, बर्प, डायपर, रॅश, टीदिंग, टमी टाइम असे शब्द ओळीने होते. खाली पाठ करायची वाक्ये. 'गुड मॉर्निंग मॅम.' 'बेबी इज स्लीपिंग मॅम.' एक वाक्य तर पाहुण्यांना चहा विचारायचे होते. त्यात बाळाचा काय संबंध, ते त्या क्लासलाच ठाऊक. हे शब्द शिकायला खरे तर क्लास लागतच नाही. सांगलीवाडीहून, हरिपुराहून, बुधगावाहून येणारी बाई ज्या घरात कामाला लागते, त्या घरातली आई हे शब्द आठवड्याभरात तिच्या तोंडी बसवते. "नॅप झाला, बर्प काढलाय, आता टमी टाइमला पालथं घातलंय," असे आमच्या अपार्टमेंटच्या जिन्यात हल्ली सर्रास ऐकू येते. ऐकून गंमत वाटते. बाळाला त्याचे सोयरसुतक नसते. पाठीवरून नीट हात फिरला की ढेकर येतो.

त्या दोन पानांत 'एमएल' हा शब्द नव्हता. 'एक्स्पायरी' नव्हता. 'शेक वेल', 'डिस्कार्ड', 'एक्स्टर्नल यूज', 'बिलो फोर इयर्स', यातले काही म्हणजे काही नव्हते. मॅडमशी बोलायचे इंग्रजी होते. ज्या इंग्रजीने मूल आजारी पडू शकते किंवा वाचू शकते, ते बाटलीवरचे, पाकिटावरचे आणि खोक्यावरचे इंग्रजी कुणाच्या डोक्यातच आलेले दिसले नाही.

मी मिरजेत लहान मुलांच्या वॉर्डात परिचारिका होते, आता निवृत्त आहे. रविवारी दुपारी या बायका माझ्या व्हरांड्यात जमतात. कोणी बोलावले नाही, एकीने दुसरीला सांगितले आणि जमत गेल्या. पोते भरून रिकाम्या बाटल्या, खोकी, पाकिटे मी शेजारपाजारच्या घरांतून गोळा केली आहेत. भंगारवाला दर वेळी आशेने बघतो. आम्ही एकेक बाटली हातात घेतो आणि वाचतो. बहुतेकींची शाळा सातवीला सुटली. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. यातल्या बऱ्याच जणींनी त्याआधीच पाचवीत एबीसीडी गिरवली आणि दोन-तीन वर्षांत दप्तर ठेवले. पण अक्षरे ओळखतात. तेवढ्या भांडवलावर खूप काही होते.

सगळ्यात जास्त वेळ आमचा तापावरच्या पॅरासिटामॉलवर जातो. ज्याच्या घरात लहान मूल आहे, त्याच्या फ्रिजच्या दारात किंवा कपाटात हे औषध असतेच, आणि ते एकाच नावाखाली वेगवेगळ्या ताकदीत मिळते. ड्रॉप्स असतील तर एका मिलीत १०० मिलिग्रॅम. साधे सिरप असेल तर पाच मिलीत १२० किंवा १२५. त्याच कंपनीचे, तशाच रंगाच्या खोक्यातले जास्त ताकदीचे सिरप असेल तर पाच मिलीत २५०. दहा किलोच्या बाळाला डॉक्टरांनी १५० मिलिग्रॅम सांगितले असेल, तर ड्रॉप्सचे दीड मिली, १२५च्या सिरपचे सहा मिली आणि २५०च्या सिरपचे तीन मिली होतात. आता समजा, घरात गेल्या वेळी सिरप होते. "सहा मिली द्यायचं," हे बाईच्या डोक्यात पक्के बसले आहे. या वेळी वडिलांनी येताना ड्रॉप्स आणले. बाईने सहा मिली दिले, तर बाळाच्या पोटात चौपट औषध गेले. एकदा जाऊन निभावेलही, पण दिवसातून चार वेळा, दोन-तीन दिवस गेले तर यकृताला धोका. आणि यात बाईची चूक कोणती? तिने सांगितले तेवढेच दिले. ड्रॉप्सची बाटली १५ मिलीची, सिरपची सहसा ६० मिलीची, आकारात फरक असतो. पण लहान बाटलीत कडक औषध असते, हे तिला कोणी सांगायला हवे ना?

म्हणून आम्ही आधी त्या बारक्या अक्षरांतली एकच ओळ शोधायला शिकतो: 'ईच एमएल कन्टेन्स' की 'ईच फाइव्ह एमएल कन्टेन्स'. सगळे खोके सोडून ही एक ओळ सापडली की बाई मला फोन करून विचारते, "सिस्टर, ह्यात पाच लिवलंय, मग हे बारीक का जाड?" बारीक आणि जाड हे सौम्य आणि कडक औषधाला आमचे आपसातले शब्द. फार्माकॉलॉजीच्या पुस्तकात सापडणार नाहीत, पण आमचे त्यावर भागते.

चमच्याचा घोळ वेगळाच. टीस्पून म्हणजे पाच मिली, टेबलस्पून म्हणजे पंधरा. घरातला चहाचा चमचा यापैकी काहीच नसतो. बाटलीच्या टोपणावरचे माप किंवा तोंडाने औषध द्यायची सिरिंज वापरायची, आणि तिच्यावर डॉक्टरांनी सांगितलेल्या रेघेशी नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा, हे आमच्याकडे ठरले आहे. बाळाचे वजन वाढते तसा ठिपका पुसून पुढे सरकवायचा. नेलपॉलिशचा रंग कोणता, यावरही व्हरांड्यात चर्चा होते. होऊ द्या.

कोरड्या पावडरीच्या अँटिबायोटिकची बाटली माझ्या मते सगळ्यात फसवी. उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंत घालायचे, हलवायचे, लागले तर पुन्हा खुणेपर्यंत भरायचे. एकदा कालवले की बाटलीवर लिहिलेल्या दिवसांत संपवायचे, सहसा आठवड्याच्या आत, आणि उरलेले टाकून द्यायचे. पण बाटलीवर 'ईएक्सपी' समोर मात्र दोन वर्षांपुढची तारीख असते. ती तारीख कोरड्या पावडरीची. आमच्या सगळ्या जणींनी 'ईएक्सपी' ही तीन अक्षरे ओळखायला हौसेने शिकून घेतली, आणि मग त्याच अक्षरांवर विसंबून महिनाभर फ्रिजमध्ये पडलेले औषध चांगले आहे असे मानू लागल्या. अर्धे इंग्रजी असे अंगाशी येते. 'यूज विदिन' आणि 'डिस्कार्ड' या दोन शब्दांवाचून 'एक्स्पायरी' हा शब्द शिकवण्यात अर्थ नाही, हे मी त्यानंतर प्रत्येक बाईला पहिल्याच दिवशी सांगते.

जुलाबांचे दिवस आपल्याकडे ठरलेले. कृष्णेला पहिले गढूळ पाणी आले की घराघरांत सुरू होते. ओआरएसची, म्हणजे जुलाबात पाण्यात कालवून द्यायच्या मीठ-साखरेची, पावडर एक लिटरची मिळते आणि २०० मिलीचीही. पाकिटे दिसायला सारखी, एक मोठे, एक लहान, दोन्हींवर आकडे बारीक. लिटरचे पाकीट पेलाभर पाण्यात घातले तर ते पाणी बाळाला वाचवायचे राहो, शरीरातले मीठ वाढवून उलटे नुकसान करते. आणि लिटरचे पाकीट थोडे थोडे अंदाजाने वापरणे, हे तर मी सुशिक्षित घरांतही पाहिले आहे. कालवलेले पाणी चोवीस तासांनी ओतून द्यायचे. हे सगळे पाकिटामागे लिहिलेले असते. लिहिलेले असते, एवढेच.

त्यातच ते पुठ्ठ्याच्या खोक्यातले गोड पेय. दुकानदार 'ओआरएस' म्हणून हातात ठेवायचा, खोक्यावरही ती तीन अक्षरे ठळक. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असते. या पेयांत साखर त्याच्या कितीतरी वर. जास्त साखरेने जुलाब थांबत नाहीत, वाढतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी यावर वर्षानुवर्षे लढा दिला, आणि अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर 'ओआरएस' लिहायला मनाई केली. इंग्रजी येणाऱ्या, पदव्या घेतलेल्या आईबापांनी ही पेये वर्षानुवर्षे विश्वासाने पाजली. तेव्हा ही गोष्ट फक्त सातवी शिकलेल्या बायकांची आहे असे कोणी समजू नये.

थर्मामीटरचे एक सांगते आणि पुढे जाते. डिजिटल थर्मामीटर कधी फॅरनहाइटवर असतो, कधी सेल्सिअसवर. कोपऱ्यात एक बारीक 'एफ' किंवा 'सी'. आपल्याकडे ताप म्हणजे शंभराच्या वर, हे डोक्यात बसलेले. काचेवर ३८.५ दिसले की बाई निर्धास्त होते, "शंभरला लई लांब हाय की." ते १०१.३ असतात. 'सी' असेल तर ३८ला फोन करायचा, 'एफ' असेल तर १००.४ला. हे दोन आकडे आमच्यातल्या प्रत्येकीच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर, म्हणजे ज्या घरी ती काम करते तिथल्या भिंतीवर, चिकटवायला लावले आहेत. एका घरात मॅडमना ते रंगाशी जुळेना म्हणून काढून टाकले. असो.

खेळण्यांचे त्यामानाने सोपे. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची आहे, आणि तीन वर्षांखालच्या मुलांना चालणार नाही अशा खेळण्यावर सहसा 'शून्य ते तीन'वर काट मारलेले रडके तोंड असते. चित्र आहे, म्हणून कळते. औषधावर असे चित्र का नसावे, हा प्रश्न मला रविवारी हरिपूरच्या एका बाईने विचारला. मला उत्तर देता आले नाही.

खोकल्याच्या औषधाचे लिहिल्याशिवाय राहवत नाही. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी खोकला सिरपने लहान मुले दगावली, तेव्हा आमच्या बायका घाबरून बाटल्या घेऊन आल्या. ते विष बाटलीच्या आत होते, लेबल कितीही वाचले असते तरी कळले नसते, हे मी त्यांना सांगितले. पण त्याच बाटल्यांपैकी काहींवर दुसरी एक ओळ होती. सर्दीच्या ज्या औषधांत क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असतात, ती चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, असे लेबलवर छापण्याचा आदेश केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला होता. ओळ छापलेली होती. इंग्रजीत. मोठ्या भावाचे उरलेले सिरप धाकट्याला, "थोडंसंच दिलंय ओ," असे म्हणत देणाऱ्या आज्या, मावश्या आणि आया, कोणीच ती वाचलेली नव्हती.

काही आया मला म्हणतात, "काकू, औषध आम्हीच देतो, बाईंना हात लावू देत नाही." ऐकायला बरे वाटते. कुपवाड एमआयडीसीत पाळीवर असलेली, मिरजेत ओपीडीत अडकलेली, बँकेत मार्चअखेर करणारी आई तापाच्या वेळी घरी कशी असेल? २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली, ते चांगलेच झाले. पन्नास किंवा त्याहून जास्त माणसे असतील तिथे पाळणाघराची सोयही त्याच दुरुस्तीने आली. पण आपल्याकडे नोकऱ्या कुठल्या? दवाखाना, दुकान, शिकवणी, पतसंस्था. पन्नास माणसे आणायची कुठून? म्हणजे सहा महिन्यांचे बाळ, वरचे अन्न नुकते सुरू झालेले, पहिला ताप आणि पहिले जुलाब अंगावर यायच्या बेतात असताना, एका परक्या बाईच्या हाती जाते. मग दुपारी दोनला आईचा मोबाइलवर निरोप येतो, इंग्रजी अक्षरांत, तोही स्वर गाळून, 'पीसीएम २.५ दे'. पीसीएम म्हणजे पॅरासिटामॉल. टिंब बारीक. बाईला पंचवीस वाटले तर? आमच्यातल्या एकीला वाटले. तिने औषध न देता मला फोन केला, हे बाळाचे नशीब आणि तिची हुशारी. व्हॉट्सअॅपवर बोलून निरोप पाठवता येतो, "अडीच मिली" असे म्हणायला दोन सेकंद लागतात.

डॉक्टर मंडळींनाही हात जोडून सांगायचे आहे. चिठ्ठीवरचे 'बीडी' (दिवसातून दोनदा), 'टीडीएस' (तीनदा), 'एसओएस' ही आमच्या व्यवसायातली लॅटिनची उसनवारी. आम्हा नर्सना पाठ असते. एका आईने 'एसओएस' वाचून तातडीचे समजून लगेच औषध पाजले. डॉक्टरांना म्हणायचे होते, गरज पडली तरच. बाळाचे वजन, मिली आणि दिवसातून किती वेळा, एवढे मराठीत लिहायला चिठ्ठीवर जागा असते. सांगली-मिरजेतले काही जुने बालरोगतज्ज्ञ असे लिहितात, आणि त्यांच्या चिठ्ठ्या आमच्या बायका घडी करून पाकिटात जपून ठेवतात.

खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असला पाहिजे, असा नियम आहे. सोबत मराठी घालायला मनाई नाही, पण सक्तीही नाही. जे सक्तीचे नाही ते कंपनी छापत नाही. मराठी मागणे म्हणजे अडाणीपणा, असे कोणाला वाटत असेल तर त्यांनी २०२१ आठवावे. राज्यातल्या अंगणवाडी ताईंनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले होते. फोन निकृष्ट ही एक तक्रार होती, आणि पोषणाची माहिती भरायचे अॅप इंग्रजीत, ही दुसरी. गावातल्या प्रत्येक पोराचे वजन-उंची मोजणाऱ्या बायका होत्या त्या. काम येत नव्हते म्हणून नाही, कामाची भाषा परकी होती म्हणून त्या अडल्या.

इंग्रजी शिकवू नका, असे माझे म्हणणे मुळीच नाही. पुण्यात काम करायचे तर येणारीला चार पैसे जास्त मिळतात, आणि मॅडमसमोर मान वर करून बोलता येते, हेही थोडे नाही. त्या क्लासने कागदाच्या पहिल्या पानावर बाटल्या घ्याव्यात आणि चहाचे वाक्य शेवटी न्यावे. कानातले ठेवायला निघालेल्या बाईला मी थांबवले आहे; क्लासने पान बदलले तर फी मी भरते.

तोवर औषध दुकानदारांना विनंती, की बाळाचे औषध देताना बाटलीवर एक पांढरी चिकटपट्टी लावा आणि मार्करने मराठीत लिहा: कशासाठी, किती मिली, किती वेळा, कधी फेकायचे. पूर्वीचे कंपाउंडर बाटलीला कागदाची दातेरी पट्टी लावून डोस दाखवत, तिला वाचता न येणारा माणूसही चुकत नसे.

आणि आपल्याला विनंती अशी. आपल्या पुरवणीत 'इंग्रजी सुधारा' असे एक सदर येते. त्यातल्या म्हणी आणि वाक्प्रचार थोडे दिवस बाजूला ठेवून दर आठवड्याला एका लेबलाचा फोटो छापाल का? बाटली, पाकीट, डबा, काहीही. बाजूला मराठीत तीन-चार ओळी, कोणता शब्द कुठे शोधायचा ते. कंपनीचे नाव झाकून टाका. पोत्यात दोन-तीन वर्षे पुरेल एवढा माल आहे, आपला छायाचित्रकार कोणत्याही रविवारी तीननंतर आला तर बायकाच काढून दाखवतील. फोटोशेजारचा मजकूर मराठीत असला तरी आकडे मात्र इंग्रजीच ठेवा, बाटलीवर ते तसेच असतात.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
विश्रामबाग, सांगली
(नाव व पत्ता कळवला आहे, छापू नये.)